हरलेल्या माणसाची तार

गावात कुशाबा दोन होते. एक देवळामागचा आणि दुसरा अमेरिकेचा. या दुसऱ्यानं अमेरिका कधी पाहिली नव्हती. पण मोठ्या लढाईत तो मराठा पलटणीबरोबर इटलीला होता. तिथं एकदा त्यांची रसदीची गाडी चिखलात रुतली, तेव्हा मागून आलेल्या ट्रकमधून सात-आठ अमेरिकन शिपाई उतरले, मांडीएवढ्या चिखलात शिरले आणि गाडी ढकलून मोकळे झाले. त्यांतला एक तोंडावर शिंतोडे उडालेला गडी त्यांचा कप्तान होता, हे कुशाबाला मागाहून कळलं. साहेब असून चिखलात उतरला, या एका गोष्टीवर कुशाबाचा जीव अमेरिकेवर जडला, आणि सोळा वर्षं झाली तरी तो तसाच होता. मुळशी धरणाचं पाणी जिथं संपतं तिथल्या त्या गावात अमेरिकेची बाजू घेणारा तेवढा एकच माणूस होता, आणि गावाला तेवढा पुरून उरत होता.

१९६० साली ग्रामपंचायतीला सरकारकडून बॅटरीवर चालणारा रेडिओ मिळालेला होता. तो चावडीत कुलपात असे आणि किल्ली शाळेच्या गुरुजींकडे. संध्याकाळी शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लागला की चावडी भरे. खत, बियाणं, बाजारभाव ऐकून झाले की माणसं धोतरं झटकून उठत. मग बातम्या लागत आणि तिघेच उरत. गुरुजींना जगाची काळजी होती म्हणून ते थांबत. कुशाबा अमेरिकेसाठी थांबे. आणि कुशाबाचा शेजारी बहिरू थांबे, कारण कुशाबा थांबलेला असे आणि दोघांची घरी जायची वाट एकच होती.

त्या वर्षी दिवाळीच्या आधीपासून अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक रंगात आली होती. केनेडी आणि निक्सन. दोघं समोरासमोर उभे राहून वाद घालतात, आणि रेडिओसारख्याच एका पेटीत सगळा देश ते घरबसल्या बघतो, असं गुरुजींनी सांगितलं तेव्हा त्या नवलापुढं कुशाबाला रात्री भाकरी गोड लागली नाही. त्याचा कौल केनेडीला. गडी तरणा आहे, लढाईत बोट फुटली तेव्हा त्यानं आपल्या माणसांना पाण्यातून ओढून काढलंय, शिवाय त्याच्या कॅथलिक पंथाचा माणूस तिथं अजून कधी गादीवर बसलेला नाही; तरी लोक भावकी न बघता मत देतात की नाही ते आता दिसेल, असं तो भाताच्या बांधावर उभा राहून सांगे. बहिरूनं केवळ त्याची खोडी काढायला निक्सनची बाजू धरली. आठ वर्षं उपाध्यक्ष म्हणून राबलेला घरचा गडी सोडून नवा कशाला घ्यायचा, असं त्याचं म्हणणं. एवढं बोलून तो विळा चालवायला लागे आणि कुशाबा अर्धा दिवस एकटाच तावातावानं बोलत राही.

हे बोलणं बांधावर व्हायचं कारण दोघांची सावड होती. म्हणजे यांच्या भातखाचरात त्यांच्या घरानं राबायचं, त्यांच्या खाचरात यांच्या घरानं. मजुरी नाही, मोजदाद नाही. त्यांच्या बापांनी धरलेली सावड या दोघांनी चालू ठेवली होती. तिला रीत एकच. ज्याचं भात कापायला आलं त्यानं आदल्या संध्याकाळी दुसऱ्याच्या दारात जायचं आणि ‘उद्या या’ एवढंच म्हणायचं. न बोलावता कुणी कुणाच्या खाचरात उतरायचं नाही. तसं उतरणं म्हणजे तुझ्यानं आता होत नाही असं तोंडावर सांगणं.

त्याच दिवसांत गावची पंचायतीची निवडणूक लागली. त्यांच्या वॉर्डातल्या एका जागेला कुशाबाला त्याच्या भावकीनं उभं केलं, बहिरूला बहिरूच्या भावकीनं. शहाण्या माणसांनी दोघांतल्या एकानं बसावं म्हणून सांगून पाहिलं. पण कुशाबा म्हणाला, बसायचं कशाला? लढू, अमेरिकेत लढतातच की. लढून झाल्यावर हरलेल्यानं जिंकलेल्याला हार घालायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सावडीला जायचं. ऐकणाऱ्यांनाही ते पटलं. कुशाबा बोलायला लागला की ऐकणाऱ्याला पटायचंच, तेवढी त्याच्या जिभेत ताकद होती.

निकाल लागला तेव्हा बहिरूला चौसष्ट मतं पडली आणि कुशाबाला एकसष्ट. तीन मतं. एखादं घर त्या दिवशी बाजाराला गेलं नसतं तर फिरला असता निकाल. गुलाल उधळला गेला. कुणीतरी मागून ओरडलं की अमेरिका पडली, आणि सगळी चावडी हसली. तेवढ्यात बहिरू गुलालानं माखलेला हात पुढं करून कुशाबाला लावायला आला. त्याच्या मनात काही नव्हतं. दरसालच्या होळीला लावतो तसा तो लावायला आला होता. कुशाबानं तो हात झिडकारला.

“आजपासनं माझ्या उंबऱ्याला पाय लावू नगंस,” तो म्हणाला.

सगळ्या गावानं ऐकलं. बहिरूचा हात तसाच राहिला, मग त्यानं तो धोतराला पुसला आणि तो निघून गेला. हार घालण्याचं कुशाबाला आठवलं ते घरी पोचल्यावर. तोवर वेळ गेली होती.

आता गंमत बघा. कुशाबाचं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात आधीच कापून झालं होतं, तेही बहिरू आणि त्याची बायको धोंडाबाई यांनी चार दिवस राबून. बहिरूचा आंबेमोहोर मात्र अजून उभा होता, आणि तो कुशाबाच्या अंगणातून सरळ दिसे. निकालानंतर तीन-चार दिवसांत लोंब्या पिवळ्याच्या तांबूस झाल्या. बहिरूचा एकुलता मुलगा नथू पलटणीत, तिकडं लडाखच्या बाजूला. सुगीत मजूर मिळायचा नाही. तेव्हा सहा खाचरं आणि नवरा-बायको दोघं. सकाळी दोन वाकलेल्या पाठी दिसत, संध्याकाळी तेवढ्याच. ‘उद्या या’ म्हणायला बहिरू येईना, कारण कुशाबानं येऊ नको म्हणून सांगितलं होतं. बोलावल्याशिवाय कुशाबाला जाता येईना. आणि दाणा काही या दोघांसाठी थांबणार नव्हता.

कुशाबाची बायको सगुणाबाई थोडं बोलणारी होती. तिनं पहिले दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली की धोंडाबाईच्या बाळंतपणात मी नथूला अंगावर पाजलंय, आता तिच्या खाचरातला दाणा मातीत जाताना मी अंगणात बसून बघू काय. कुशाबा म्हणाला, बोलावलं तर जाऊ. सगुणाबाईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती आत गेली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, त्या बघण्याचा अर्थ त्याला चांगला कळत होता.

अमेरिकेचा निकाल लागला त्या आठवड्यात कुशाबा चावडीवर गेलाच नव्हता. गुरुजी स्वतः वर्तमानपत्र घेऊन त्याच्या अंगणात आले. केनेडी निवडून आला होता. ही बातमी ऐकून कुशाबा उडेल असं गुरुजींना वाटलं होतं, पण तो हं म्हणाला आणि दोरखंड वळत राहिला. मग गुरुजींनी पुढचं वाचलं. जवळजवळ सात कोटी मतं पडली, त्यांत फरक लाखभराचा. पुन्हा मोजा म्हणून सांगणारे निक्सनला पुष्कळ होते. पण त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी जिंकलेल्याला अभिनंदनाची तार केली.

कुशाबाचा हात थांबला. “परत वाचा, गुरुजी,” तो म्हणाला.

गुरुजींनी परत वाचलं. कुशाबानं मनाशी हिशेब केला. सात कोटीत लाख म्हणजे आपल्या सव्वाशे मतांत पुरतं अर्धं मतसुद्धा नव्हे. अर्ध्या मतानं पडलेला माणूस. राज्य केवढं, मान केवढा, आणि तो हातातोंडाशी येऊन गेलेला. त्यानं रात्र जाऊ दिली आणि सकाळी तार केली. ज्याला तो इतके दिवस नावं ठेवत आला होता त्या निक्सनबद्दल कुशाबाच्या मनात असा काही आदर दाटून आला की त्यानं हातातलं दोरखंड बाजूला ठेवलं. जिंकणारा आपला होता, पण थोरपण ते हरणाऱ्याचं. आणि आपण? तीन मतांनी पडलो आणि दोस्ताचा हात झिडकारला. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

लाज वाटली म्हणून पाय उचलतो असं नाही. त्या संध्याकाळी तो दोनदा बहिरूच्या घराच्या दिशेनं निघाला आणि दोनदा गोठ्याशी वळला. समोर जाऊन काय बोलायचं? जो माणूस बांधावर अर्धा दिवस बोलू शकत होता त्याला ‘चुकलं’ एवढा एक शब्द जड झाला. विचार करता करता त्याला वाट सापडली. त्या मोठ्या माणसानं जे केलं तेच करायचं. तोही समोर गेला नाही, त्यानंही तारच केली.

सोमवारी बैलाला नाल ठोकून आणतो असं सांगून तो तीन कोस चालत पोस्टात गेला. बैल घरीच होता, हे सगुणाबाईनं पाहिलं आणि त्याच्यापुढं पेंढा टाकला.

पोस्टमास्तर पुण्याकडचे, सोवळ्या मराठीत बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी पत्ता वाचला, मग पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, आणि चष्मा वर केला. गाव एकच आहे, वाडी एकच आहे, तेव्हा हा निरोप तुम्ही तोंडीच का देत नाही, असं त्यांनी विचारलं. कुशाबानं ऐटीत सांगितलं की तसा रिवाज नाही. कुठला रिवाज, हे विचारण्याच्या भानगडीत मास्तर पडले नाहीत. अभिनंदनाचे मजकूर ठरलेले असतात, त्यांत निवडणुकीतल्या यशाचाही एक होता. तो त्यांनी लिहून घेतला. अभिनंदनाच्या तारेला फुलाफुलांचा रंगीत लखोटा मिळतो, तो घालू का, असं त्यांनी विचारलं. कुशाबाला ते पोरकट वाटलं. निक्सननं काय फुलाफुलांच्या लखोट्यातून पाठवली असेल?

“साधाच घाला,” तो म्हणाला. “कामकाजाची तार हाय.”

आणि इथं तो चुकला. स्वतः पलटणीत राहिलेला माणूस, पण त्याच्या डोक्यात त्या वेळी अमेरिका होती, गाव नव्हतं. खाकी साध्या लखोट्यातली तार आपल्याकडे कुणाच्या घरी काय घेऊन येते, आणि ज्या घरचा मुलगा सरहद्दीवर आहे त्या घरी काय घेऊन येते, हे त्याला सुचलंच नाही. परत येताना तो इतका हलका झाला होता की वाटेत भेटलेल्या एका धनगराला त्यानं उभं करून निक्सनची सगळी कथा सांगितली. धनगरानं ती ऐकून घेतली आणि माणूस चांगला दिसतोय म्हणाला.

मंगळवारी काही आलं नाही. बुधवारी दुपारी कुशाबा अंगणात पेंढ्या रचत होता. तारवाला सायकल हातात धरून बांधावरून जाताना त्याला दिसला. आता बहिरू वाचून घेईल, मग काय करेल? हसेल बहुतेक. तो पेंढ्या रचायच्या सोडून उभा राहिला.

खाचरात धोंडाबाई सरळ झाली. तारवाल्यानं लखोटा पुढं केला. तिनं तो घेतला नाही. ती दोन पावलं मागं सरली, आणि मग तिनं जो हंबरडा फोडला तो वरच्या वाडीपर्यंत गेला.

“नथू...” एवढंच कळलं.

कुशाबाच्याही काळजात आधी तेच आलं, नथू गेला. पोरगा त्याच्याच अंगणात रांगलेला होता. मग दुसऱ्या क्षणाला त्याला उमगलं की तार कुणाची आहे, आणि त्याला पहिल्यापेक्षाही वाईट वाटलं. तो धावला. बांध, खाचर, बोलावणं, न बोलावणं, काही न बघता उभ्या भातातून धावला. त्याच्या मागून सगुणाबाई धावली. ती तर रडतच होती, तिला तारेचं काही ठाऊक नव्हतं. चारी बाजूंनी माणसं येत होती. चौसष्टवालेही आणि एकसष्टवालेही. ज्यांनी दहा दिवस एकमेकांच्या विहिरीवर पाणी भरलं नव्हतं ती माणसं एकमेकांना हात देत बांधावरून उतरत होती.

बहिरू खाचरात मटकन बसलेला होता. न फोडलेला लखोटा त्याच्या मुठीत होता. त्याला वाचता येत नव्हतं आणि कुणाला वाचायला द्यायची हिंमत होत नव्हती. वाचेपर्यंत नथू जिवंत होता.

कुशाबा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याला श्वास पुरेना. भोवती सगळा गाव. ज्या गोष्टीसाठी त्याला चार माणसंसुद्धा नको होती, ती आता सगळ्यांसमोर, बोंब मारून सांगायची होती, आणि एक क्षणही थांबून चालणार नव्हतं.

“नथू बरा हाय,” तो ओरडला. “वैनी, नथूला काय बी झालं न्हाई. तार माझी हाय. म्या धाडली.”

कुणाला काही कळेना. धोंडाबाईचं रडणं मध्येच तुटलं.

“तू जिकलास,” कुशाबा बहिरूला म्हणाला, “त्याची तार हाय. हरलेल्यानं करायची आसती. म्या हरलो, बहिरू. सरळ हरलो, आन् तुझा हात झिडकारला. समूर यायला तोंड न्हवतं म्हून तार केली.”

तोवर गुरुजी शाळा सोडून पोचले. त्यांनी बहिरूच्या मुठीतून लखोटा सोडवला, फोडला आणि आतला इंग्रजी मजकूर मोठ्यानं वाचून मराठीत सांगितला. निवडणुकीतील यशाबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली नाव कुशाबाचं. कुणी हसलं नाही. धोंडाबाई उठली, कुशाबाजवळ आली आणि तिनं त्याच्या दंडावर एक जोराचा फटका दिला, मग दुसरा दिला, आणि मग त्याच दंडाला धरून ती पुन्हा रडायला लागली. हे रडणं वेगळं होतं, ते सगळ्यांना कळलं. कुशाबानं ते फटके खाऊन घेतले. आणखी चार दिले असते तरी त्यानं खाल्ले असते.

“तुमास्नी जीभ न्हवती का, भावजी?” ती म्हणाली. “तीन कोस चालत गेलासा, आन् हे इतकंसं खाचार तुमच्यानं वलांडलं न्हाई.”

“चालत पोस्टात गेलतं व्हय,” सगुणाबाई डोळे पुसत म्हणाली. “मला वाटलं बैलाला नाल ठोकाया गेल्यात. बैल न नेता.”

तेव्हा मात्र लोक हसले. दहा दिवसांत पहिल्यांदा दोन्ही बाजू एका गोष्टीला हसल्या. बहिरू हसला नाही. तो अजून बसलेलाच होता आणि कागदाकडे बघत होता, जसं काही त्याला वाचता येत होतं. मग त्यानं मान वर केली आणि गुरुजींना विचारलं की हरलेल्यानं तार करायची हे कळलं, पण तिकडं जिंकलेला काय करतो.

गुरुजींना ते माहीत होतं, कालच बातम्यांत सांगितलं होतं. केनेडी स्वतः विमानानं गेला, निक्सन विश्रांतीला जिथं उतरला होता तिथं, आणि त्याला भेटला. जिंकलेला हरलेल्याकडे गेला.

बहिरूनं कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. कुशाबाला त्याचा हा स्वभाव माहीत होता. तो बोलायच्या आधी शब्द चाचपून बघायचा. आपण आयुष्यभर बोललो आणि हा ऐकत आला, चावडीवरसुद्धा हा आपल्यासाठीच थांबायचा, हे कुशाबाला त्या खाचरात उभं असताना कधी नव्हे इतकं स्वच्छ दिसलं.

“मंग म्याच यायला पायजे व्हतं,” बहिरू म्हणाला.

“तू कसा येशील? म्याच येऊ नगंस म्हनलं व्हतं.”

“तू म्हनला व्हतास,” बहिरू म्हणाला. “पन म्या ऐकायला नगं व्हतं.”

 कप्तान चिखलात उतरला त्याची गोष्ट कुशाबानं सोळा वर्षं गावाला सांगितली होती, आणि एवढं मोठं बोलणारा माणूस तीस वर्षं त्याच्या शेजारी विळा चालवत होता. त्यानं हात पुढं केला. बहिरूनं तो धरला आणि उठला. सगुणाबाई तोवर कासोटा आवळून धोंडाबाईच्या शेजारी कापायला वाकलीही होती.